पेशंट ‘तयार’ झाल्याची वेळ कशी नोंदवायची

सकाळी ९:१५ ला राउंडमध्ये सरांनी आजोबांची छाती तपासली, चार्ट पाहिला आणि म्हणाले, “आजोबा, आज घरी जायचं.” पंधरा मिनिटांत आजोबांनी बूट घातले, पिशवी भरली आणि कॉटच्या कडेला बसून राहिले. दुपारी जेवणाचं ताट आलं तेव्हाही बूट पायातच होते. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं, तर डिस्चार्जची वेळ होती १८:४०. केसपेपरवर फक्त ‘फिट फॉर डिस्चार्ज’ लिहिलेलं. त्यापुढे वेळ नाही, सहीखाली नाव नाही. मधले ९ तास २५ मिनिटं कुठे गेली, ते कुणालाच सांगता येईना. फार्मसी म्हणाली समरी (डिस्चार्जचा सारांश-कागद) उशिरा आली, रेसिडेंट म्हणाले एक रिपोर्ट अडकला होता, लिफ्टपाशी व्हीलचेअर नव्हती असंही कानावर आलं. सगळे खरंच बोलत होते, पण आजोबांचा दिवस नेमका कशाने गेला याचं उत्तर कागदावर नव्हतं.

त्यानंतर आम्ही वॉर्डात ‘तयार’ची वेळ वेगळ्या रकान्यात लिहू लागलो. काम दिसायला एका ओळीचं आहे, पण त्यात चुका कुठे कुठे होतात ते वर्षभर करून पाहिल्यावर कळलं. तुमच्या वॉर्डात हे सुरू करायचं असेल तर खालच्या क्रमाने करा.

आधी ‘तयार’ म्हणजे काय ते ठरवा

वैद्यकीयदृष्ट्या तयार म्हणजे पूर्ण बरा नव्हे. या बेडवर, या पातळीवर जी देखभाल मिळते तिची आता गरज राहिलेली नाही आणि उरलेले उपचार घरी, साध्या वॉर्डात किंवा दुसऱ्या संस्थेत होऊ शकतात, एवढाच त्याचा अर्थ. बिल झालं का, औषधं आली का, गाडी आली का, हे प्रश्न त्यात येत नाहीत. ते आले की वेळ पुढे सरकते आणि नेमकं जे मोजायचं तेच पुसलं जातं.

म्हणून ‘तयार’ या शब्दाला नेहमी जोड हवी: कुठे जायला तयार? आयसीयूतला पेशंट वॉर्डात जायला तयार असतो, घरी जायला नसतो. वॉर्डातले मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेले काका पुनर्वसन केंद्रात जायला तयार असतात, पण जिने असलेल्या घरी एकटे राहायला अजून नसतात. ठिकाण लिहिलं नाही तर नोंद अर्धवटच राहते.

निकष पेशंट आला त्याच दिवशी लिहा

पेशंट भरती झाल्यावर २४ तासांच्या आत फाइलमध्ये दोन गोष्टी याव्यात: अपेक्षित तारीख, आणि काय काय झालं की हा पेशंट तयार म्हणायचा. हे आधी लिहिलेलं नसेल तर राउंडमध्ये ‘अजून एक दिवस बघू’ असं होतं आणि काय बघायचं ते कुणी विचारत नाही.

न्यूमोनियाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात स्थिरतेचे आकडे बरेच सर्वमान्य आहेत: ताप ३७.८ सेल्सिअसपेक्षा जास्त नाही, नाडी १०० च्या वर नाही, श्वास मिनिटाला २४ च्या वर नाही, वरचं बीपी ९० च्या खाली नाही, साध्या हवेवर सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली नाही, तोंडाने अन्न-औषध घेता येतं आणि शुद्ध नेहमीसारखी आहे. याला त्या पेशंटपुरता एक निकष जोडा. मूळचा दम्याचा पेशंट असेल तर त्याचं रोजचं सॅच्युरेशन किती असतं, आजी आजारपणाआधी काठीने चालायच्या की आधाराने, असं काहीतरी. हा शेवटचा निकष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण छापील यादीत तो कधीच नसतो.

‘या पेशंटला या बेडची गरज आहे का’ हे यादी लावून विचारायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत गर्टमन आणि रेस्टुशिया यांनी १९८१ मध्ये अशी तपासणी-पद्धत मांडली होती. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या सुरुवातीला, इंग्लंडच्या आरोग्यसेवेने रोजच्या राउंडसाठी अशीच यादी दिली. ऑक्सिजन लागतोय का, शिरेतून सलाईन लागतंय का, शिरेतून औषध दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा आहे का, नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून काढायचा न्यूज-२ हा गुणांक ३ च्या वर आहे का, पायाचं ऑपरेशन ४८ तासांच्या आत किंवा पोटाचं ७२ तासांच्या आत झालंय का, असे प्रश्न तिच्यात होते. एकाचंही उत्तर ‘हो’ नसेल, तर हा पेशंट अजून इथे का आहे, याचा विचार करायचा. रिकव्हरी रूममध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंट ठेवतात तिथे, काम करणाऱ्यांना हा विचार नवा नाही. १९७० पासूनचा आल्ड्रेट स्कोअर तेच करतो: १० पैकी ९ झाले की पेशंट पुढे हलवायला तयार.

यादी निर्णय घेत नाही, ती विचारायला लावते. सगळे आकडे बसत असतील आणि अनुभवी डॉक्टरांना तरी पेशंट ‘बरोबर दिसत नाही’, तर तो तयार नाही. मात्र काय बरोबर दिसत नाही ते दोन शब्दांत लिहायला सांगा.

अपेक्षित तारीख बदलेलच. बदलली की जुनीवर एकच रेघ मारा, नवी शेजारी लिहा, कारण लिहा. खाडाखोड करून जुनी तारीख नाहीशी करू नका. तीन वेळा पुढे गेलेली तारीख पुढच्या राउंडला बरंच काही सांगते.

घड्याळ नेमकं कधी सुरू होतं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबते.

नोंदवायची वेळ निर्णयाची, लिहिण्याची नव्हे. ९:१५ ला बेडजवळ निर्णय झाला आणि सिस्टरला लिहायला ११:०० वाजले, तर दोन्ही वेळा लिहा: ‘निर्णय ०९:१५, नोंद ११:००’. उशिरा लिहिणं हा गुन्हा नाही. उशिरा लिहून वेळेवर लिहिल्यासारखं दाखवणं मात्र फाइल बिघडवतं, आणि कॉम्प्युटरवर तर ते लपतही नाही, कारण नोंद कधी भरली ते सिस्टम स्वतः साठवते.

निर्णय कोणाचा, हेही आधी ठरलेलं असावं. साधारणपणे तो युनिटच्या वरिष्ठ डॉक्टरांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या रेसिडेंटचा असतो. काही ठिकाणी डॉक्टर निकष लिहून देतात आणि ते पूर्ण झाल्याची खात्री नर्स करते. ही पद्धत चांगली चालते, फक्त निकष लेखी आणि मोजता येण्यासारखे हवेत. ‘बरं वाटलं तर सोडा’ यावर कोणतीही नर्स सही करू शकणार नाही.

आता अटी घातलेले निर्णय. सकाळी १०:०० ला सर म्हणाले, “पोटॅशियमचा रिपोर्ट पाहा, ठीक असेल तर सोडा.” रिपोर्ट लॅबमधून १४:१० ला आला. तो १७:०० ला पाहिला गेला आणि ठीक होता. मग पेशंट तयार कधी? आमच्या वॉर्डात यावर बराच वाद झाला. मी १७:०० धरते. तयार असणं हा माणसाने घेतलेला निर्णय आहे आणि १४:१० ला तो कुणी घेतलेला नव्हता. पण नोंदीत १०:०० ची अट, १४:१० चा रिपोर्ट आणि १७:०० चा निर्णय या तिन्ही वेळा आल्या पाहिजेत. नाहीतर जवळजवळ तीन तास रिपोर्ट स्क्रीनवर पडून होता हे कुणालाच दिसणार नाही. तुमच्याकडे वेगळं ठरलं तरी चालेल, मात्र सगळ्या वॉर्डांत एकच नियम ठेवा. एका वॉर्डाने १४:१० धरायचे आणि दुसऱ्याने १७:०० धरायचे, मग दोघांची तुलना करायची, हे पेशंटवरही अन्याय आणि स्टाफवरही.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा. ‘६:३०’ सकाळचे की संध्याकाळचे, हे महिनाभराने कुणाला आठवत नाही. रात्रपाळीत बारानंतर तारीख बदलायची राहते, ही चूक मी स्वतः कितीतरी वेळा केली आहे. आणि एकदा भिंतीवरचं घड्याळ कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहा. आमच्याकडे सात मिनिटांचा फरक निघाला होता, त्यामुळे काही पेशंट तयार होण्याआधीच निघून गेलेले दिसत होते.

नोंद प्रत्यक्षात कशी दिसावी

ही एक काल्पनिक नोंद आहे. तुम्ही साचा म्हणून वापरू शकता:

‘१४ मार्च, ११:२०. निर्णय: युनिट कन्सल्टंट (नाव, सही), बेडजवळ. न्यूमोनिया, सहावा दिवस. ताप ३७.१, नाडी ८४, श्वास १८, बीपी १२६/७४, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९५. तोंडाने औषध कालपासून, जेवण निम्म्याहून जास्त. बाथरूमपर्यंत काठीने एकटे, आजारपणाआधीसारखेच. घरी जाण्यास वैद्यकीयदृष्ट्या तयार. बाकी: समरी, घरची औषधं, इनहेलर शिकवणं. पेशंटना आणि मुलीला ११:३० ला सांगितलं. नोंद: स्टाफ नर्स (नाव, सही), ११:३५.’

लिहायला दोन मिनिटं लागतात. यात व्हायटल्स (ताप, नाडी, श्वास, बीपी, सॅच्युरेशन) त्याच वेळचे हवेत. सकाळी सहाचे आकडे उतरवून अकराला तयार म्हणणं मला पटत नाही.

‘स्टेबल’, ‘ठीक’, ‘प्लॅन डिस्चार्ज’, ‘उद्या बघू’ हे शब्द या रकान्यात चालू देऊ नका. व्हेंटिलेटरवरचा पेशंटही स्टेबल असतो. ‘प्लॅन’मध्ये इच्छा असते, निर्णय नसतो.

पेशंटला सांगितल्याची वेळ लोक हमखास गाळतात. ती गाळू नका. राउंडमध्ये डॉक्टर आपापसात बोलतात, पेशंट अर्धवट ऐकतो आणि बूट घालून बसतो. त्याला नीट सांगा: “आजोबा, तब्येतीच्या दृष्टीने तुम्ही आज जाऊ शकता. औषधं आणि कागद व्हायचे आहेत, दुपारी तीनच्या सुमारास होतील. उशीर झाला तर मी स्वतः येऊन सांगेन.”

तयार झाल्यावर तो अजून इथे का आहे

तयार आणि निघाला यांच्यामधल्या वेळेला कारण हवं. एका वेळी एकच मुख्य कारण लिहा, कारण बदललं की नवी वेळ टाकून नवं कारण लिहा. म्हणजे ‘११:२० समरी बाकी, १३:०५ समरी झाली, औषधं बाकी, १४:४० औषधं मिळाली, गाडीची वाट’. दिवसाच्या शेवटी ‘विविध कारणांनी उशीर’ लिहिलं तर त्यातून कुणाला काहीच सुधारता येत नाही.

कारणांची यादी छोटी ठेवा. आमची अशी होती: कागदपत्रं, औषधं, तपासणी किंवा दुसऱ्या विभागाचं मत, पुढच्या ठिकाणी बेड नाही, वाहन, घरी लागणारं साहित्य किंवा माणूस, पैसे किंवा मंजुरी, कुटुंबाचा निर्णय. ‘इतर’ ठेवलंत तर शेजारी दोन शब्द लिहायची सक्ती करा, नाहीतर निम्मी यादी ‘इतर’ने भरते.

भाषेकडे लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘नातेवाईक न्यायला तयार नाहीत’ हे वाक्य मी शेकडो फाइलींमध्ये वाचलंय. त्यातल्या कितीतरी घरांत आईला उचलून वर न्यायला दुसरं माणूस नव्हतं. ‘घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगी एकटी, रात्री आठनंतर भाऊ येईल’ असं लिहिलं तर कुणाला तरी मदत करता येते. पहिल्या वाक्याने फक्त दोष लागतो, आणि तो कागदावर कायमचा राहतो.

बिघडला तर

तयार म्हटलेला पेशंट संध्याकाळी तापाने फणफणला तर जुनी नोंद खोडू नका. नवी ओळ लिहा: ‘१९:१०, तयारी मागे घेतली, ताप ३८.९, थंडी वाजली, कल्चर पाठवलं’, खाली निर्णय घेणाऱ्याचं नाव. प्रतीक्षेचं घड्याळ तिथे थांबतं. दोन दिवसांनी पुन्हा तयार झाला तर मोजणी शून्यापासून, पण पहिली नोंद जागच्या जागी राहते. ती ठेवण्याचं एक कारण असं की, वाट पाहता पाहता बिघडलेले पेशंट नंतर शोधता येतात.

वाट पाहणं निरुपद्रवी नसतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्क माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतली सुमारे १ किलो चरबीविरहित ऊती, म्हणजे प्रामुख्याने स्नायू, कमी झाली. ती माणसं निरोगी होती. आपल्या वॉर्डातली आजी आधीच आजाराने खंगलेली असते. म्हणून तयार असलेल्या पेशंटचाही रोज राउंड व्हायला हवा, रोज ‘अजूनही तयार’ अशी वेळेसह नोंद व्हायला हवी, आणि त्यांना कॉटवरून उठवून चालवायला हवं. ‘त्यांचं काय, ते तर चाललेत’ म्हणून त्यांचा बेड राउंडमधून सुटतो, ते होऊ देऊ नका.

ट्रान्सफरमध्ये वेळा जास्त लागतात

घरी जाताना दोन वेळा पुरतात. एका वॉर्डातून दुसरीकडे जाताना मला पाच लागतात: तयार, पुढच्या टीमने स्वीकारलं, बेड मिळाला, इथून निघाला, तिथे पोहोचून ताब्यात घेतला. यातली शेवटची वेळ पोहोचलेल्या ठिकाणच्या नर्सने लिहायची. तोपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, लिफ्टमध्येसुद्धा.

आयसीयूतून पेशंट रात्री हलवू नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. शक्यतो रात्री १० ते सकाळी ७ हा काळ टाळा, आणि हलवावंच लागलं तर ती घटना अनिष्ट घटना म्हणून नोंदवा. इथे ‘तयार’ची नोंद फार उपयोगी पडते. पेशंट दुपारी ३ ला तयार होता आणि वॉर्डाने बेड रात्री ११ ला दिला, हे दिसलं की बेड दुपारी का मिळाला नाही हे विचारता येतं. फक्त ‘२३:१० शिफ्ट’ लिहिलं असेल तर सगळा भार त्या रात्रीच्या सिस्टरवर येतो.

हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या टीमला सोपवणं, कसा द्यायचा तो वेगळा विषय आहे, एवढंच सांगते की ठरावीक साच्यात द्या. अमेरिकेत नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत आय-पास नावाचा हँडओव्हरचा साचा आणि त्याचं प्रशिक्षण सुरू केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

जिथे हा रकाना रिकामाच ठेवायचा

सल्ल्याविरुद्ध निघून जाणारा पेशंट तयार नव्हता. त्याचा ‘तयार’चा रकाना भरू नका, वेगळी नोंद करा. मृत्यू झाला तरही रिकामाच. शेवटच्या दिवसांत घरी जाऊ इच्छिणारा पेशंट मात्र तयार असू शकतो. त्याचे निकष वेगळे असतात: वेदना काबूत आहे का, घरी औषध कोण देणार, रात्री कुणाला फोन करायचा. अशा पेशंटच्या बाबतीत एकेक तास मोलाचा असतो, त्यांची नोंद सगळ्यांच्या आधी करा.

सर्जन म्हणतात तयार, फिजिओथेरपिस्ट म्हणतात अजून नाही, असं झालं तर दोन्ही मतं वेळेसह लिहा. वैद्यकीय तयारीची वेळ डॉक्टरांची, आणि ‘चालणं अजून सुरक्षित नाही’ हे थांबण्याचं कारण म्हणून. पेशंट तयार आहे याचा अर्थ त्याला ढकलून बाहेर काढायचं असा कुणी घेऊ लागलं तर ही पद्धत तिथेच थांबवा.

महिन्याने वही उघडा

सरासरीवर जाऊ नका. पाच पेशंट २, २, ३, ४ आणि ४९ तास थांबले, तर सरासरी १२ तास येते आणि त्यातला एकही पेशंट १२ तास थांबलेला नसतो. मधला आकडा ३ पाहा, आणि ४९ तासवाल्याची फाइल हातात घेऊन शेवटपर्यंत वाचा.

नोंदी खऱ्या आहेत का, हे ओळखायला तीन खुणा पुरतात. सगळ्यांची तयार वेळ १०:०० किंवा १०:३० असेल तर ती अंदाजाने भरली आहे. तयार आणि निघाला यांत पाच मिनिटांचाच फरक असेल तर दोन्ही निघताना एकदम लिहिल्या आहेत. आणि शनिवार-रविवारी कुणीच तयार होत नसेल तर त्या दिवशी निर्णय घेणारं कुणी वॉर्डात आलेलं नाही. स्टाफला रागावण्याआधी त्यांच्याबरोबर एक राउंड करा. बहुतेक वेळा वही नर्सिंग स्टेशनवर असते आणि निर्णय बेडजवळ होतो, एवढीच अडचण निघते. आम्ही वही राउंडच्या ट्रॉलीवर ठेवली आणि वेळ मोठ्याने उच्चारायची जबाबदारी एकाच नर्सवर दिली. निर्णय झाला की ती म्हणायची, “सर, अकरा वीस, घरी जायला तयार, असं लिहू?” सर हो म्हणायचे, आणि कॉटवरचा पेशंटही ते ऐकायचा.

सुरुवात एका वॉर्डापासून करा, दोन आठवडे, कागदावर. कॉम्प्युटरमध्ये रकाना वाढवायचा अर्ज त्यानंतर द्या, कारण कोणते रकाने खरंच लागतात ते या दोन आठवड्यांत कळतं. आमच्या पहिल्या कागदावर चौदा रकाने होते. पंधराव्या दिवशी सात उरले, आणि ‘पेशंटला सांगितलं’ हा त्यातला एक होता.